कंपायलर बसवण्यापूर्वीची तयारी

माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर करणारे सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. व्याख्या सोपी आहे, पण नुसता कंपायलर आणून ठेवल्याने प्रोग्राम चालू लागत नाही. सी भाषेतला चार ओळींचा प्रोग्रामसुद्धा चार टप्प्यांतून जातो. प्रीप्रोसेसर हेडर फायली शोधून त्यांचा मजकूर प्रोग्रामला जोडतो, कंपायलर त्याची असेंब्ली भाषा करतो, असेंब्लर तिची ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि शेवटी लिंकर तयार लायब्ररीतील भाग जोडून चालवण्याजोगी फाइल हातात देतो. हेडर सापडले नाहीत तर काम पहिल्याच टप्प्यावर अडते. लायब्ररी नसेल तर शेवटच्या टप्प्यावर अडते. दोन्ही वेळा विद्यार्थी म्हणतो, ‘कंपायलर चालत नाही.’ प्रत्यक्षात कंपायलर ठीक असतो, त्याच्या भोवतीची मांडणी अपुरी असते.

ही मांडणी करण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर कायम होती असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकावर प्रोग्राम यंत्रभाषेतच लिहिले जात. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्यावर फोरट्रानमध्ये काम होऊ लागले. पण वापरणाऱ्याचा संबंध पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यापुरता. यंत्राची खोली, वीज, थंड हवा आणि कंपायलर यांची व्यवस्था संस्था पाहत असे. संगणक घरोघरी पोचला तशी ही व्यवस्था विद्यार्थ्याच्या गळ्यात पडली. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांच्या दुष्काळी पट्ट्यात तर ती आणखी जड जाते. इथे संगणक बहुधा जुना किंवा दुसऱ्याकडून घेतलेला असतो, वाडीवस्तीवर इंटरनेट मोबाइलच्या डेटावर चालते आणि फसलेले इन्स्टॉलेशन पुन्हा करायचे म्हणजे दीड-दोन जीबीचा डेटा पुन्हा खर्च करायचा.

पहिली तपासणी यंत्राची. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडले की प्रोसेसर, रॅम आणि विंडोज ३२-बिट की ६४-बिट, हे एकाच पानावर दिसते. यात एक गफलत ठरलेली आहे. प्रोसेसर ६४-बिट असतो, पण दुकानदाराने विंडोज ३२-बिट टाकून दिलेले असते. आजचे बरेच कंपायलर संच ६४-बिट विंडोजसाठीच निघतात. विंडोजवर जीसीसी हा कंपायलर देणाऱ्या एमसिस-२ या संचाला तर ६४-बिट विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, जो जुन्या यंत्रांत नसतो. अशा यंत्रावर लिनक्स टाकणे हा रडतखडत पत्करायचा पर्याय नाही, तो सरळ चांगला पर्याय आहे. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली मराठीतही वापरता येते आणि ती डेबियनवर आधारित असल्याने डेबियनचे कंपायलर तिच्यावर बसतात.

रॅमची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात. अभ्यासक्रमातील सी किंवा सी++ चे प्रोग्राम ४ जीबी रॅमवर निवांत कंपाइल होतात. खरी अडचण हार्ड डिस्कवर असते. जीसीसीचा साधा संच काही शे एमबी ते एखाद-दोन जीबीत मावतो. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ घेतला तर सर्वसाधारण वापरासाठी २० ते ५० जीबी जागा लागते, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. त्यातही फसगत अशी की कंपायलर डी ड्राइव्हवर टाकायचा ठरवला, तरी इन्स्टॉलर तात्पुरत्या फायली सी ड्राइव्हवरच उलगडतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर ८० टक्क्यांवर गाडी थांबते आणि अर्धवट फायली मागे राहतात. म्हणून आधी सी ड्राइव्हवर लागणाऱ्या जागेच्या दुप्पट जागा मोकळी करून घ्यावी.

तारीख आणि वेळ तपासण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जुन्या यंत्रात ती सर्वांत जास्त घोळ घालते. मदरबोर्डवर तीन व्होल्टची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे तिचे काम. बॅटरी संपली की दर वेळी लाईट गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला अजून लागूच न झालेली वाटतात आणि डाउनलोड नाकारले जाते. लिनक्समध्ये पॅकेजची यादी ‘अजून वैध नाही’ म्हणून परत येते. ‘मेक’ हे साधन तर फायलींच्या वेळा ताडूनच काय पुन्हा कंपाइल करायचे ते ठरवते. वेळ मागे-पुढे झाली की ते घड्याळात तफावत असल्याचा इशारा देते आणि काम अपुरे राहू शकते. थोड्या रुपयांची बॅटरी बदलली की हे सगळे सुटते. अशा वेळी फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सल्ला चुकीचा आहे.

यानंतर जुन्या कंपायलरचा प्रश्न येतो आणि महाराष्ट्रात तो म्हणजे टर्बो सी. बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ मध्ये आणले. डॉसच्या काळात ते उत्तम साधन होते: वेगवान, आटोपशीर, संपादक आणि कंपायलर एकाच निळ्या पडद्यावर. बारावीच्या संगणकशास्त्रापासून पदविका आणि पदवीपर्यंत महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पण ते १६-बिट सॉफ्टवेअर आहे. ३२-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवण्यासाठी एक जोडथर होता, तो ६४-बिट विंडोजमध्ये नाही. म्हणून आज टर्बो सी चालवायचे तर डॉसबॉक्ससारख्या नकली डॉसमध्ये चालवावे लागते. ते चालतेही, पण त्यात शिकलेले पुढे आडवे येते. टर्बो सी मध्ये ‘इंट’ प्रकारचा पूर्णांक दोन बाइटचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे धन संख्या मावत नाही. आजच्या जीसीसीत तो चार बाइटचा असतो. पडदा पुसणारे ‘क्लर-स्क्र’ आणि ते देणारे ‘कोनिओ’ हे हेडर सी भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हते. सी++ चे प्रमाण १९९८ मध्ये ठरले तेव्हा ‘आयओस्ट्रीम’ हेडरच्या नावातले शेवटचे ‘डॉट एच’ गेले आणि ‘एसटीडी’ या नेमस्पेसचा उल्लेख आवश्यक झाला. ‘व्हॉइड मेन’ अशी सुरुवात केलेला सी++ प्रोग्राम आजचा जीसीसी थेट नाकारतो. नवा कंपायलर बसवून जुन्या वहीतला प्रोग्राम त्यात टाकला आणि दहा एरर आले, तर त्यातले बहुतेक या बदलांचे असतात. तेव्हा तयारीत वहीसुद्धा येते: अभ्यासक्रम किंवा शिक्षक भाषेच्या कोणत्या प्रमाणानुसार शिकवत आहेत हे आधी विचारून घ्यावे. परीक्षेसाठी टर्बो सी लागतच असेल तर ते डॉसबॉक्समध्ये वेगळे ठेवावे आणि रोजचे काम नव्या कंपायलरवर करावे.

दुसरा गैरसमज नव्या पिढीचा आहे. व्हीएस कोड टाकला म्हणजे सी चालेल असे समजले जाते, पण व्हीएस कोड हा संपादक आहे. त्यात सी चा कंपायलर येत नाही. कोडब्लॉक्सची विंडोजसाठीची डाउनलोडे दोन प्रकारची असतात, कंपायलरसह आणि कंपायलरविना. लहान आकाराची पाहून दुसरी उतरवली की ‘कंपायलर सापडत नाही’ हा निरोप येणारच. रस्ट भाषेचे उदाहरण आणखी बोलके आहे. रस्टचा कंपायलर स्वतःचा असला, तरी शेवटच्या जोडणीसाठी विंडोजवर त्याला साधारणपणे मायक्रोसॉफ्टचा लिंकर लागतो, म्हणून सी++ ची बांधणी-साधने आधी बसवावी लागतात. क्लँग या कंपायलरलाही विंडोजवर त्याच्या नेहमीच्या स्वरूपात मायक्रोसॉफ्टचे हेडर आणि लायब्ररी लागतात. जावात ‘जेआरई’ने केवळ तयार प्रोग्राम चालतो, कंपाइल करायला ‘जेडीके’ हवा. कोणती भाषा, कोणते यंत्र आणि त्या भाषेला आधी काय लागते, हे तीन शब्दांत कागदावर लिहून मगच डाउनलोडला हात घालावा.

फोल्डरचे नाव हा विषय मराठी वापरकर्त्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. विंडोजवर खाते उघडताना मराठीत नाव टाकले, की त्या नावाचा देवनागरी फोल्डर तयार होतो आणि डेस्कटॉप, डाउनलोड, तात्पुरत्या फायली असे सारे त्याच्या आत जाते. विंडोजमधील जुन्या पद्धतीचे प्रोग्राम अक्षरे ‘कोडपेज’ नावाच्या तक्त्यावरून वाचतात. इंग्रजी, रशियन, ग्रीक अशा भाषांना असे तक्ते होते. मराठी, हिंदी यांना विंडोजने तसा तक्ता दिलाच नाही. या भाषा थेट युनिकोडमधूनच आल्या. परिणामी युनिकोड न जाणणाऱ्या साधनाला देवनागरी फोल्डर प्रश्नचिन्हांची रांग दिसतो आणि त्यातली फाइल उघडत नाही. नावात मोकळी जागा असली तरी काही साधने अडखळतात, कारण त्या जागेवर नाव संपले असे ती समजतात. एमसिस-२ च्या सूचनांत म्हणूनच स्पष्ट म्हटले आहे की फोल्डरचा मार्ग छोटा, साध्या रोमन अक्षरांचा आणि मोकळ्या जागेविना असावा, ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असावा. कंपायलर थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी एका छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा आणि प्रोग्रामसाठीही तसाच वेगळा फोल्डर करावा. खात्याचे दिसणारे नाव नंतर बदलले तरी फोल्डरचे नाव बदलत नाही. त्यासाठी नवे खाते उघडणेच सोपे पडते. मार्ग छोटा ठेवण्याला आणखी एक कारण आहे: विंडोजमध्ये पूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि फोल्डरात फोल्डर घालत गेले की ती सहज ओलांडली जाते.

सर्वांत जास्त वेळ खाते ते ‘पाथ’. कमांड विंडोत ‘जीसीसी’ असे लिहिले की विंडोज त्या नावाची फाइल अख्खा संगणक धुंडाळून शोधत नाही. पाथ या बदलत्या मूल्यात फोल्डरांची एक यादी असते. तीत क्रमाने पाहत जाऊन पहिली जी फाइल सापडेल ती चालवली जाते. यातून दोन गोष्टी निघतात. कंपायलरचा ‘बिन’ फोल्डर यादीत नसेल तर तो बसवूनही नसल्यासारखाच. आणि यादीत आधीच दुसरा जीसीसी असेल तर नवा बाजूला राहून जुनाच चालतो. हा दुसरा कुठून आला हे अनेकदा लक्षातही येत नाही; स्ट्रॉबेरी पर्ल हे सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ, आपला जीसीसी बरोबर घेऊन येते. सिस्टमचा पाथ आधी वाचला जातो आणि वापरकर्त्याचा पाथ त्याच्या मागे जोडला जातो, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा बसवण्यापूर्वी कमांड विंडोत ‘व्हेअर’ आणि पुढे कंपायलरचे नाव लिहून पाहावे. काही सापडले तर जुने काढून टाकावे किंवा त्याचा क्रम खाली न्यावा. पाथ बदलण्याआधी त्यातला सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ठेवावा. ‘सेटएक्स’ ही कमांड १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते आणि लांब पाथ असलेल्या संगणकावर तिच्यामुळे इतर सॉफ्टवेअरही बंद पडू शकते. बदल केल्यावर आधीपासून उघडी असलेली कमांड विंडो जुनाच पाथ धरून बसते. नवी विंडो उघडल्याशिवाय बदल दिसत नाही. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने कित्येकांनी कंपायलर तीन-तीनदा टाकला असेल.

अँटिव्हायरस बंद करूनच कंपायलर टाकावा, हा सल्ला घातक आहे. नुकताच कंपाइल झालेला प्रोग्राम अँटिव्हायरसला अनोळखी असतो, त्यावर कोणाची सही नसते, म्हणून तो कधीकधी उचलून बाजूला ठेवला जातो. त्यासाठी केवळ प्रोग्रामांचा फोल्डर तपासणीतून वगळता येतो. कंपायलर मात्र मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. निर्माता बहुधा फाइलसोबत एसएचए-२५६ ही ६४ चिन्हांची ओळखखूण देतो. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ किंवा लिनक्समधील ‘एसएचए२५६सम’ ही कमांड उतरवलेल्या फाइलची ओळखखूण काढून देते. दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच फाइल पूर्ण आणि अस्सल. म्हसवड किंवा दहिवडीसारख्या मोठ्या गावात चांगले नेटवर्क पाहून फाइल उतरवायची आणि पेनड्राइव्हवरून वस्तीवर न्यायची असेल, तर ही तपासणी घरी गेल्यावरही करावी. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. त्यासाठी तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा. शक्यतो ऑफलाइन इन्स्टॉलर घ्यावा. लहान आकाराचा ऑनलाइन इन्स्टॉलर प्रत्यक्षात फक्त उतरवणारा असतो, खरा बोजा नंतर येतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा. इन्स्टॉलेशनच्या मध्येच लाईट गेली तर फायली अर्ध्या आणि नोंदी पूर्ण अशी अवस्था होते, मग काढता येत नाही आणि पुन्हा टाकताही येत नाही.

लिनक्सवर काम हलके असते. उबुंटू किंवा डेबियनमध्ये आधी पॅकेजची यादी ताजी करायची आणि मग ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एकच पॅकेज मागायचे. त्यासोबत जीसीसी, जी++, मेक आणि सी लायब्ररीचे हेडर येतात. यादी ताजी न करता मागणी केली तर प्रणाली सर्व्हरवरून केव्हाच हटवलेली जुनी आवृत्ती शोधत बसते.

कंपायलर तयार पॅकेजमधून न घेता मूळ संहितेपासून बांधायचा असेल तर तयारी वेगळ्याच पातळीवर जाते. जीसीसी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून तो बांधण्यासाठी सी++ चा चालता कंपायलर आधी असावा लागतो, म्हणजे कंपायलरसाठी कंपायलर. त्याखेरीज जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी लागतात, कारण कंपायलरला मोठ्या संख्यांचे आणि दशांशांचे हिशेब कंपाइल करतानाच अचूक करावे लागतात. बांधणी तीन फेऱ्यांत होते: जुन्या कंपायलरने नवा, त्या नव्याने पुन्हा तोच आणि त्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे फलित तंतोतंत सारखे निघाले तरच बांधणी खरी धरली जाते. जुन्या यंत्रावर याला तासन्‌तास लागतात. शिकणाऱ्याने या वाटेला जाण्याचे कारण नाही.

ज्यांच्या घरी संगणकच नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे, अशी मुले या दुष्काळी भागात थोडी नाहीत. टर्मक्स या अ‍ॅपमध्ये क्लँग हा सी आणि सी++ चा कंपायलर बसवता येतो आणि अभ्यासाचे प्रोग्राम त्यावर चालतात. तयारी एवढीच की प्रोग्राम टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवावेत. फोनच्या सामायिक साठ्यात, जिथे फोटो आणि डाउनलोड असतात तिथे, अँड्रॉइड कोणतीही फाइल प्रोग्राम म्हणून चालवू देत नाही.

शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यात आणखी भर पडते. अनेक ठिकाणी संगणक पुन्हा सुरू केला की मूळ अवस्थेत नेणारे संरक्षक सॉफ्टवेअर असते. ते तात्पुरते उठवल्याशिवाय टाकलेला कंपायलर दुसऱ्या दिवशी गायब. आधी एकाच यंत्रावर, विद्यार्थ्याच्या मर्यादित खात्यातून सगळे चालते का हे पाहावे. शिक्षकाच्या अ‍ॅडमिन खात्यातून चाललेली गोष्ट विद्यार्थ्याच्या खात्यातून चालेलच असे नाही, कारण पाथ आणि फोल्डरात लिहिण्याचे हक्क दोन्हींचे वेगळे असतात. मगच इतर यंत्रांकडे वळावे.

तयारी पुरी झाली की नाही याची चाचणी तीन कमांडांत होते: कंपायलर कुठून चालतो, त्याची आवृत्ती कोणती आणि एक छोटा प्रोग्राम कंपाइल होऊन चालतो का. त्या छोट्या प्रोग्राममध्ये मराठी शब्द छापायचा असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि विंडोजच्या कमांड विंडोचे कोडपेज ६५००१ करावे, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. ‘माण’ या शब्दाची लांबी सी मधील ‘एसटीआर-लेन’ने मोजली तर उत्तर ९ येते: म, काना आणि ण ही तीन चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइटची. ‘एसटीआर-लेन’ अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते; तेव्हा ९ हे उत्तर बरोबर आहे.